कुरूप समजून बिब्बा लावलेली चामखीळ: तळपायाच्या एका दुखण्याचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

शीतल ही तेरा वर्षांची, पश्चिम महाराष्ट्रातील एका निवासी शाळेत आठवीत शिकणारी आणि शाळेच्या खो-खो संघात खेळणारी मुलगी. तिचे नाव आणि ओळख पटेल असे काही तपशील येथे बदलले आहेत. दुखण्याचा क्रम, झालेले उपाय आणि त्यांचे परिणाम मात्र घडले तसेच ठेवले आहेत. तालुक्याच्या गावी मी त्वचारोगांचा दवाखाना चालवते आणि ती माझ्याकडे आली तेव्हा मूळ दुखण्यापेक्षा उपायांनीच तिचा पाय अधिक बिघडलेला होता. हे प्रकरण लिहून ठेवावेसे वाटले ते त्यामुळेच.

जुलैच्या अखेरीस तिच्या उजव्या चवड्याखाली, अंगठ्याच्या बुडाशी एक टणक ठिपका लागू लागला. मातीच्या मैदानावर अनवाणी पळणाऱ्या मुलीला खडा, काटा, घट्टा यांचे नवल नसते, त्यामुळे पहिले तीन आठवडे ती कोणाला काही बोलली नाही. पुढे खांबाला वळसा घेताना ती पाय बाहेरच्या कडेवर टाकू लागली, तेव्हा क्रीडाशिक्षकांचे लक्ष गेले. त्यांनी पाय उचलून पाहिला आणि कुरूप झाल्याचे सांगितले. आपल्याकडे तळपायाला टणक आणि दुखरे असे काही झाले की ते कुरूप किंवा भोवरी, असेच समजले जाते, आणि बहुतेक वेळा ते खरेही असते.

मग औषधाच्या दुकानातून कुरुपाची गोल पट्टी आणली गेली. या पट्ट्यांत साधारणपणे ४० टक्के सॅलिसिलिक ॲसिड असते. ती घामाने सरकत राहिली, आजूबाजूची चांगली कातडी पांढरी पडून सोलवटली, आणि दोन आठवड्यांनी आग सहन होईना म्हणून शीतलने ती काढून टाकली. सप्टेंबरच्या मध्यावर वसतिगृहातील एका मैत्रिणीने नव्या ब्लेडने तो ठिपका 'मुळापासून' काढायचा प्रयत्न केला. मूळ काही हाती लागले नाही. रक्त मात्र बरेच आले, आणि दिवाळीच्या सुटीत ती घरी गेली तोवर त्या ठिपक्याभोवती मोहरीएवढे आणखी पाच ठिपके उठले होते.

अडचण

घरी आजीने पाय पाहिला. आजीच्या हिशेबी आत काटा मोडून राहिला होता आणि काट्याला उपाय ठरलेला होता. तिने दाभणाला बिब्बा टोचला, तो दिव्याच्या ज्योतीवर धरला, आणि सुटलेले काळे तेल थेंबाथेंबाने सहाही ठिपक्यांवर सोडले. शेतात राबणाऱ्या माणसांच्या भेगांना आणि काटे रुतलेल्या जागांना तिने आयुष्यभर हेच केले होते.

त्या रात्री आग झाली, दुसऱ्या दिवशी खाज आणि सूज आली, आणि तिसऱ्या दिवशी चवड्यावर सुपारीएवढे दोन फोड, पावलाच्या आतल्या बाजूने घोट्यापर्यंत लाल पुरळ आणि पाय टेकवता येत नाही अशा अवस्थेत वडिलांनी तिला उचलून दवाखान्यात आणले. बरोबर आई आणि आजी होत्या.

"डॉक्टरबाई, जन्मभर लावत आले मी, कुणाला असं उतलं नाही," आजी म्हणाल्या.

बिब्बा उतणे, म्हणजे त्याच्या तेलाने अंगावर फोड आणि पुरळ उठणे, हा शब्द आपल्या भाषेत फार जुना आहे, तो या फळाचा गुण लोकांना पक्का माहीत असल्यामुळेच. बिब्ब्याच्या तेलातील भिलावनॉल नावाची द्रव्ये कातडी जाळतात आणि काही जणांत तीव्र ॲलर्जीही उठवतात. धोबी कपड्यांवर खुणा करायला हेच तेल वापरत, आणि त्या खुणेमुळे मानेवर किंवा कमरेवर उठलेले पुरळ त्वचारोगांच्या पुस्तकांत नोंदलेले आहे. जाड, धड कातडीच्या टाचेवर एखादा थेंब बरेचदा निभावून जातो. शीतलची कातडी आधी पट्टीने भिजून सैल झालेली, नंतर ब्लेडने कापलेली होती. तिच्यात ते तेल खोलवर उतरले.

पहिला निर्णय: मूळ दुखण्याला हात न लावणे

फोड आणि सूज असतानाही खालची जागा पाहून मला चामखिळीची शंका आली होती. वडिलांचे म्हणणे होते की आलोच आहोत तर आजच जाळून टाका, पुन्हा खेप नको. डिसेंबरात जिल्हास्तरीय स्पर्धा होती आणि शाळा पंधरा दिवसांनी उघडणार होती. आग्रह समजण्यासारखा होता. परंतु भाजलेल्या, सुजलेल्या कातडीत चामखिळीची कड कोठे संपते हे दिसत नाही, औषध किती खोल जाते याचा अंदाज राहत नाही, आणि तळपायावर व्रण राहिला तर तो पावलागणिक टोचत राहतो.

म्हणून त्या दिवशी केवळ भाजल्याचा इलाज केला. थंड मिठाच्या पाण्याच्या ओल्या पट्ट्या, पुरळावर थोडे दिवस जोरकस स्टिरॉइड मलम, उघड्या जागेवर साधी निर्जंतुक पट्टी, खाजेसाठी गोळी, आणि पाय उंच ठेवून विश्रांती. अठरा दिवसांत कातडी भरून आली. पावलाच्या आतल्या बाजूला बिब्ब्याचा काळपट डाग राहिला.

याच भेटीत माझी एक चूक झाली. मी आजींना सर्वांसमोर रागावून बोलले. त्याचा परिणाम तीन महिन्यांनी दिसला. तो पुढे येईल.

निदान

दुसऱ्या भेटीत कोमट पाण्यात पाय भिजवून जागेवरची टणक साल पातीने अलगद तासली. तळपायाचे निदान बरेचसे या तासण्यातच होते. कुरूप तासले की आत मेणासारखा, किंचित पारदर्शक कठीण गाभा दिसतो आणि कातडीच्या रेषा त्याच्यावरून सलग जातात. शीतलच्या पायावर बोटांच्या ठशांसारख्या त्या रेषा ठिपक्याच्या कडेशी येऊन तुटत होत्या, आणि आत खसखशीच्या दाण्यांसारखे काळे बिंदू होते. आणखी थोडे तासताच त्यांतील दोन बिंदूंतून टाचणीच्या टोकाएवढे रक्त आले. हे बिंदू म्हणजे चामखिळीत वर चढलेल्या आणि गोठलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या. त्यांनाच लोक मूळ, काटा किंवा किडा समजतात.

तिसरी खूण हाताची आहे. कुरूप वरून दाबले की दुखते. चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली की अधिक दुखते. मी चिमटीत धरताच शीतलने पाय मागे ओढला. आईला मी स्वतः दोन्ही प्रकारे दाबून पाहायला लावले, कारण पुढे घरी लक्ष ठेवायचे तर तिच्या बोटांना तो फरक कळायला हवा होता.

तळपायाची चामखीळ ह्यूमन पॅपिलोमा विषाणूमुळे होते. तळपायावर त्याचे प्रामुख्याने १, २, ४, २७ आणि ५७ हे प्रकार सापडतात. विषाणू सूक्ष्म चिरेतून कातडीच्या वरच्या थरात शिरतो, काही आठवडे ते काही महिने दिसत नाही, आणि त्याचा सारा कारभार त्या वरच्या थरातच चालतो. अंगाच्या भारामुळे चामखीळ बाहेर न वाढता आत दबते, म्हणून ती खोल रुजल्यासारखी वाटते. तिला मूळ नसते. ब्लेडने खोल जाऊन काढण्यासारखे तेथे काही नव्हतेच. उलट कापताना विषाणू शेजारच्या चिरांत पसरला असणार. त्या पाच मोहऱ्यांचा जन्म बहुधा त्यातलाच.

येथे थोडे विषयांतर करते. सुश्रुतसंहितेत खडा किंवा काटा लागून पायाला होणारी खिळ्यासारखी कठीण गाठ 'कदर' म्हणून क्षुद्ररोगांत, म्हणजे किरकोळ रोगांत, सांगितली आहे, आणि 'चर्मकील' म्हणजे चामखीळ वेगळ्या अध्यायात, अर्शाच्या (मूळव्याधीच्या) प्रकरणात येते. कुरूप आणि चामखीळ या दोन गोष्टी आहेत, एवढे भान आपल्या परंपरेला होते. घराघरांतल्या उपायांत ते पुसट झाले, आणि काट्याचा उपाय कुरुपाला आणि कुरुपाचा चामखिळीला लागू लागला.

'पॅपिलोमा' हा शब्द ऐकताच आईचा चेहरा उतरला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या लसीविषयी शाळेत माहिती सांगितली गेली होती आणि विषाणूचे नाव तिच्या लक्षात राहिले होते. तो कर्करोग प्रामुख्याने १६ आणि १८ या प्रकारांशी जोडलेला आहे, तळपायाचे प्रकार वेगळे आहेत आणि ते निरोगी माणसात केवळ चामखीळ करतात, हे मी समजावले. लस दिली तर पायाचेही जाईल का, हा तिचा पुढचा प्रश्न अगदी रास्त होता. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस ६, ११, १६ आणि १८ या प्रकारांवर आहे. शीतलच्या वयात ती जरूर द्यावी, पण ती तिच्या स्वतःच्या कारणासाठी, पायासाठी नव्हे.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय काहीही न करण्याचा होता, आणि तो मी गांभीर्याने मांडला. मुलांच्या चामखिळींपैकी सुमारे दोन तृतीयांश दोन वर्षांत आपोआप जातात, हे १९६३ सालच्या एका जुन्या अभ्यासापासून माहीत आहे. शरीराची प्रतिकारशक्ती विषाणूला ओळखते आणि चामखीळ काही आठवड्यांत विरते. दुखत नसती आणि एकच असती तर मी हेच सुचवले असते. शीतलला चालताना दुखत होते, संख्या वाढत होती आणि ती चाळीस मुलींबरोबर राहत होती.

दुसरा पर्याय सॅलिसिलिक ॲसिडचा. ज्या द्रव्याच्या पट्टीने तिची कातडी सोलवटली तेच पुन्हा लावायचे, हे वडिलांना विचित्र वाटले. पट्टीतील जोर मोठा होता, ती जागेवर बसत नव्हती, आणि खालची मेलेली साल कोणी घासून काढत नव्हते. आपल्याकडे मिळणाऱ्या पातळ औषधात १६.७ टक्के सॅलिसिलिक आणि तेवढेच लॅक्टिक ॲसिड असते, ते ठिपक्यापुरते लावता येते, वाळून पापुद्रा धरते, आणि आग वाटली तर दोन दिवस थांबवता येते. अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या २०१२ सालच्या कॉक्रेन आढाव्यात चामखिळींवर निष्क्रिय औषधापेक्षा सरस ठरलेला उपाय म्हणून याच द्रव्याकडे बोट दाखवले आहे, फरक मात्र माफक आहे.

तिसरा, द्रव नायट्रोजनने उणे १९६ अंशांवर गोठवण्याचा. त्याची सोय जिल्ह्याच्या ठिकाणी, एस.टी.ने दीड तासावर होती. तळपायापुरते बोलायचे तर तो औषधापेक्षा चांगला असल्याचा ठोस पुरावा नाही. २०१० साली नेदरलँड्समध्ये झालेल्या चाचणीत तळपायाच्या चामखिळी तेरा आठवड्यांत औषधाने सुमारे ३३ टक्के, गोठवून ३० टक्के आणि नुसती वाट पाहून २३ टक्के रुग्णांत बऱ्या झाल्या. त्यानंतरच्या वर्षी ब्रिटनमध्ये २४० रुग्णांवरील चाचणीत बारा आठवड्यांनी दोन्ही उपायांचे यश १४ टक्केच निघाले. हे आकडे मी वडिलांना कागदावर लिहून दाखवले. "म्हणजे नक्की जाईल असं कशातच नाही," ते म्हणाले. मी होकार दिला. माझ्या मते त्या क्षणापासूनच त्यांनी घाई सोडली.

कापणे किंवा विजेने जाळणे हा पर्याय त्यांना आणखी एकाने सुचवला होता. भार पडणाऱ्या जागेवरचा व्रण कायम दुखू शकतो आणि त्याच्या कडेने चामखीळ परतूही शकते, म्हणून तो मी बाजूला ठेवला.

उरले घरगुती आणि नैसर्गिक उपाय. ही यादी आजी आणि आई दोघींनी मिळून दिली: लसूण ठेचून बांधणे, रुईचा चीक, चुना आणि धुण्याचा सोडा कालवून लावणे, केळीच्या सालीची आतली बाजू रात्रभर बांधणे, घोड्याच्या शेपटीचा केस आवळणे, गरम मिठाचा शेक, आणि शेजारच्यांनी सांगितलेले थुजा हे होमिओपॅथिक औषध. या सर्वांना एकाच मापाने मोजणे मला बरोबर वाटले नाही. चुना-सोडा आणि रुईचा चीक हे बिब्ब्याच्याच जातीचे: ते जाळतात, आणि कधी थांबायचे हे आपल्या हाती राहत नाही. देठाच्या चामखिळीला केस आवळता येतो, तळपायाच्या चपट्या चामखिळीला आवळायला देठच नसतो. लसणावर लहान अभ्यास झाले आहेत, पण ते प्रक्रिया करून काढलेल्या अर्कांवर. कच्चा ठेचलेला लसूण बांधून ठेवल्याने भाजलेले पाय मी पाहिले आहेत. शेकाच्या मुळाशी काही तथ्य असू शकते, कारण यंत्राने नेमकी ४४ अंश उष्णता देऊन चीनमध्ये झालेल्या चाचणीचे निष्कर्ष आशादायक होते. तव्यावरच्या मिठाचे तापमान मात्र कोणाला सांगता येणार? केळीच्या सालीचा पुरावा नाही, पण ती इजाही करत नाही. थुजासह काही होमिओपॅथिक औषधांची तळपायाच्या चामखिळीवर १९९२ साली कॅनडात चाचणी झाली, तीत निष्क्रिय औषधापेक्षा फरक दिसला नाही.

चिकटपट्टीचेही असेच. २००२ साली एका लहान अभ्यासात तिने गोठवण्यालाही मागे टाकले आणि ती फार गाजली. २००६ आणि २००७ सालच्या चाचण्यांत ते यश टिकले नाही. ती स्वस्त आहे, औषध जागेवर धरून ठेवते आणि चामखीळ झाकते, म्हणून मी ती औषधाच्या जोडीला घेतली.

निवडीचा आधार अखेर एकच होता: शीतलला रोज त्याच पायावर उभे राहायचे होते, आणि ज्याचा जोर आम्हाला मोजता आणि थांबवता येईल तेवढेच त्या पायाला लावायचे.

ठरलेला उपचार

रोज रात्री दहा मिनिटे कोमट पाण्यात पाय, पुसून कोरडा, मऊ झालेली पांढरी साल घासणे, भोवतीच्या कातडीला व्हॅसलीन, मग काडीने ठिपक्यावर औषधाचा एक थेंब, तो वाळल्यावर चिकटपट्टी. बारा आठवडे. दुखले तर दोन-तीन दिवस खंड.

घासायला काय वापरशील, असे मी विचारले तेव्हा शीतल सहज म्हणाली, "बाथरूममध्ये वजरी आहे की."

कोणाची?

"सगळ्यांची."

मुलींच्या न्हाणीघरात नळाशेजारी दोरीला बांधलेली एक वजरी होती, आणि चाळीस मुली संध्याकाळी मैदानावरून आल्यावर तिनेच पाय घासत. ओली, खरखरीत, एका तळव्यावरची साल दुसऱ्या तळव्यावर नेणारी. शीतलला लागण तिच्यापासूनच झाली हे सिद्ध करता येणार नाही. ओल्या फरशीवरूनही ती होते. पण विषाणूच्या सोयीची याहून चांगली व्यवस्था मला सुचत नाही. शीतलला स्वतंत्र वजरी घ्यायला सांगितले आणि आईकरवी अधीक्षिकाबाईंना निरोप पाठवला. तो निरोप तोंडी होता आणि तेथेच राहिला.

पुढे काय घडले

स्पर्धेत तिला खेळू द्यावे का, हा डिसेंबरातला निर्णय होता. काही शिक्षकांचे मत तिला संघाबाहेर ठेवण्याचे पडले. चामखीळ झाकलेली असेल आणि पायात बूट असतील तर इतरांना धोका नगण्य असतो, आणि तेरा वर्षांच्या मुलीला पायाच्या ठिपक्यासाठी घरी बसवणे मला पटले नाही. मी तसे पत्र दिले. मधोमध भोक पाडलेली जाड नमद्याची चकती चामखिळीभोवती चिकटवली, म्हणजे भार कडेवर पडतो. ती खेळली.

चौथ्या आठवड्याच्या तपासणीत फरक जवळजवळ नव्हता. औषधाची बाटली पाहिली, तर ती पाऊणपेक्षा अधिक भरलेली. विचारल्यावर हळूहळू कळले की खोलीतल्या मुली "हिच्या पायाला किडा लागलाय" म्हणून चिडवत, म्हणून ती सर्व झोपल्यावर औषध लावी आणि बहुतेक रात्री त्याआधीच तिला झोप लागे. औषध निकामी ठरले नव्हते; ते लागलेच नव्हते. औषध बदलण्याऐवजी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी वसतिगृहात गेले.

चाळीसही मुलींचे तळवे पाहिले. आणखी तिघींना चामखिळी निघाल्या, त्यांतल्या दोघी चिडवणाऱ्यांतल्याच होत्या. काळे बिंदू म्हणजे किडे नव्हेत, हे त्यांना भिंगातून दाखवले; एकेक जण आपला आणि शेजारणीचा पाय पाहू लागली आणि ती गोष्ट लाजेची राहिली नाही. दोरीवरची वजरी काढली, प्रत्येकीला वेगळी दिली, न्हाणीघरात स्लीपर सक्तीची केली. रात्री जेवणानंतर चौघींनी एका बाकावर बसून औषध लावायचे, असे अधीक्षिकाबाईंनीच ठरवले.

याच सुमारास आजी स्वतःच्या पायासाठी आल्या. शीतल सुटीत घरी विसरलेली औषधाची दुसरी बाटली त्यांनी आपल्या टाचेच्या कुरुपाला महिनाभर लावली होती आणि तेथे रुपयाएवढा घाव झाला होता. त्यांना मधुमेह आहे. नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून पाहिला तर दहापैकी सहा जागी स्पर्श कळत नव्हता, त्यामुळे आग झालेलीही कळली नाही. मधुमेहाने बधिर झालेल्या किंवा रक्तपुरवठा कमी असलेल्या पायाला हे औषध लावू नये, ही सूचना मी आईला दिली होती. आजींना नाही. इतके दिवस का सांगितले नाही, असे विचारले तेव्हा त्या खाली पाहत म्हणाल्या, "तुम्ही परत ओरडाल म्हणून."

घाव भरायला सात आठवडे लागले. पहिल्या दिवशी मी आवाज चढवला नसता तर त्या पहिल्याच आठवड्यात आल्या असत्या, असे मला वाटते. त्यानंतर शीतल घरी असली की पाणी कोमट करणे, पाय भिजवणे आणि भोवती व्हॅसलीन लावणे हे काम आजींकडे दिले. ते त्यांनी मनापासून केले.

परिणाम

बारा आठवड्यांअखेर, फेब्रुवारीत, पाचपैकी चार लहान चामखिळी गेल्या आणि मोठी निम्मी झाली. येथे मी गोठवण्याचा मार्ग धरला. परीक्षेआधी एकदाचे संपावे अशी सर्वांची इच्छा होती, माझीही. दोन आठवड्यांच्या अंतराने दोन खेपा झाल्या. दुसऱ्या खेपेनंतर रक्ताळ फोड आला, आठवडाभर तिला लंगडत शाळेत जावे लागले, आणि चामखीळ होती तेवढीच राहिली. ते थांबवून पुन्हा औषधावर आलो. एप्रिलच्या अखेरीस जागा तासून पाहिली, तेव्हा काळे बिंदू नव्हते आणि कातडीच्या रेषा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग होत्या. बरे झाल्याची खूण तीच. नुसते दुखणे थांबणे पुरेसे नसते. ऑक्टोबरातही पाय स्वच्छ होता.

हे यश औषधाचे की नऊ महिन्यांनी जाग्या झालेल्या प्रतिकारशक्तीचे, हे एका रुग्णावरून सांगता येत नाही. शेवटची लहान चामखीळ, जिला गोठवणे लाभलेच नव्हते, मोठीबरोबर एकाच महिन्यात गेली. त्यावरून माझा कल दुसऱ्या शक्यतेकडे थोडा झुकतो. बिब्ब्याचा डाग मात्र ऑक्टोबरातही पुसट दिसत होता.

वेगळे काय करता आले असते

ऑगस्टमध्ये कोणी पाय धुऊन, उजेडात धरून कातडीच्या रेषा पाहिल्या असत्या तर पट्टी, ब्लेड आणि बिब्बा या तिन्ही गोष्टी टळण्याची शक्यता होती. यासाठी डॉक्टर लागत नाही. क्रीडाशिक्षकांना रेषा, बिंदू आणि चिमटी या तीन खुणा दाखवायला मला दहा मिनिटे लागली. ती मी आता तालुक्यातील शाळांत जाऊन दाखवते.

वजरीची गोष्ट कळली ती नोव्हेंबरात, आणि मी वसतिगृहात पोहोचले जानेवारीत. मधल्या सहा आठवड्यांत ती दोरी तेथेच होती. निरोप तोंडी न पाठवता अधीक्षिकाबाईंना त्याच दिवशी फोन करायला हवा होता. औषध सुरू केल्यानंतर पहिली तपासणी चार आठवड्यांनी ठेवण्याऐवजी दहाव्या दिवशी बाटली आणि पायाचा फोटो मागवायला हवा होता, म्हणजे ते रात्री लागत नाही हे डिसेंबरातच दिसले असते.

गोठवण्याचा निर्णय मी आज घेणार नाही. जे आकडे मी वडिलांना कागदावर लिहून दाखवले होते, त्यांच्या विरुद्ध मी स्वतःच परीक्षेच्या तारखेकडे पाहून गेले, आणि त्याची किंमत शीतलने लंगडत मोजली.

आणि घरात पाय असलेल्या प्रत्येकाला विचारायला हवे होते. पायाचे औषध घरात गेले की ते एका पायापुरते राहत नाही. आजी, शेतावरचे गडी, शेजारीण, सर्वांच्या भेगा आणि कुरुपे त्याची वाट पाहत असतात. आता चिठ्ठीवर औषधाखाली मी मोठ्या अक्षरांत लिहून देते की साखरेच्या रुग्णाच्या पायाला हे लावू नये, आणि घरात तसे कोणी असेल तर त्यांचे नावही त्याच ओळीत लिहून घेते.

वसतिगृहातील बाकी तिघींपैकी दोघींच्या चामखिळी जूनपर्यंत गेल्या. तिसरीची एक अजून आहे, तिला दुखत नाही, आणि तिच्या आईवडिलांनी वाट पाहायचे ठरवले आहे. दर दोन महिन्यांनी ती येते, आम्ही पेनाने कड आखून ठेवतो, आणि मागच्या खेपेला ती तेवढीच होती.